परवाना भिंतीवर, फार्मासिस्ट काउंटरवर

मेडिकल टाकायचं म्हटलं की लोक आधी भांडवल विचारतात, मग गाळा कुठं बघितलाय ते. फार्मासिस्ट कोण, हा प्रश्न आलाच तर सगळ्यात शेवटी येतो. माझ्या बाबतीत त्याचं उत्तर ठरलेलंच होतं, कारण फार्मासिस्ट मीच. 2014 मध्ये डी. फार्म. झाले, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी केली, काही वर्षं साताऱ्यात दुसऱ्यांच्या दुकानात काउंटर सांभाळलं आणि 2022 मध्ये कोरेगावात स्वतःचं मेडिकल सुरू केलं. आता कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं-मुली फोन करतात, "ताई, लायसनला काय काय लागतं?" कागदांची यादी पाच मिनिटांत सांगून होते. ते कागद कशासाठी मागतात, हे सांगायला मात्र वेळ लागतो, आणि मला तेच सांगावंसं वाटतं.

नोंदणीचं प्रमाणपत्र हातात पडलं त्याच महिन्यात मला पहिली 'नोकरी' चालून आली होती. ओळखीतल्या एका दुकानदारानं निरोप धाडला: प्रमाणपत्र आमच्याकडं लावा, तुम्ही यायची गरज नाही, महिन्याला ठरलेले पैसे घरपोच मिळतील. हे काही गुपित नाही. फार्मसीच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाच्या कानावर ही गोष्ट असते, आणि गरजेपोटी हो म्हणणारेही असतात. घरात पैशांची गरज आमच्याही होती. तरी मी नाही म्हणाले. फार्मसी कायदा 1948 चा. त्यातलं कलम 42 सांगतं, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनंच द्यायचं. औषधे व सौंदर्य प्रसाधने नियमांत तर स्पष्टच आहे, की हे काम त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली झालं पाहिजे. माणूस गावात नाही आणि देखरेख चालू आहे, असं होत नसतं.

आम्ही डी. फार्म. करत होतो ते दिवस या विषयानं पेटलेले होते. अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी राज्यभर फार्मासिस्टच्या हजेरीची अट कडकपणे लावली होती. विक्रेत्यांच्या संघटना चिडल्या, बंद पुकारले गेले. एवढे फार्मासिस्ट आणायचे कुठून, असा त्यांचा सवाल होता. वर्गात आमच्यातही दोन तट पडले. मला तेव्हापासून एक गोष्ट पक्की पटली आहे: औषधाच्या दुकानाचे बाकी सगळे नियम या एका नियमावर उभे आहेत. तो पाळला नाही, तर फ्रीज, रजिस्टर, बिल या सगळ्यांना काही अर्थ उरत नाही, कारण त्यांच्याकडं बघणारं माणूसच दुकानात नसतं.

तर गाळ्याची गोष्ट. बाजारपेठेत मोक्याच्या जागी एक गाळा मिळत होता, भाडंही परवडणारं. आतून टेप लावून मोजला, तर 9 बाय 11 फूट, म्हणजे 99 चौरस फूट. किरकोळ विक्रीच्या परवान्याला किमान 10 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण 108 चौरस फूट. घाऊक आणि किरकोळ दोन्ही करायचं असेल तर 15 चौरस मीटर. मालक म्हणाले, "अहो ताई, आठ-नऊ फुटांनी काय अडतंय? पुढं शेड काढून देतो." शेड आणि ओटा यात धरत नाहीत, भिंतींच्या आतली जागाच मोजतात. शिवाय त्या गाळ्याला वर पत्रा होता. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखाली त्याहून वर जातो. गोळ्यांच्या पाकिटावर '25 अंशांखाली ठेवा' किंवा '30 अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं, ते वाचून मला त्या पत्र्याखाली दुकान मांडणं शक्यच नव्हतं. शेवटी बाजारापासून जरा आत, पक्क्या स्लॅबचा 10 बाय 13 चा गाळा घेतला आणि पहिल्याच उन्हाळ्याआधी एसी बसवला. लोक म्हणाले, गिऱ्हाइकासाठी एसी लावला. लावला होता तो औषधांसाठी.

कागद असे: भाडेकरार, जागामालकाचा नगरपंचायतीचा उतारा आणि लाईट बिल, गाळ्याचा नकाशा, शॉप अ‍ॅक्टची नोंद, फ्रीज घेतल्याची पावती, माझं नोंदणी प्रमाणपत्र, शिक्षणाचे दाखले, फोटो, प्रतिज्ञापत्र. अर्ज ऑनलाइन, फॉर्म 19. शुल्क दर परवान्याला 1500 रुपये, आणि परवाने दोन लागतात. फॉर्म 20 नेहमीच्या औषधांसाठी. फॉर्म 21 नियमांना जोडलेल्या परिशिष्ट सी आणि सी-1 या याद्यांतल्या औषधांसाठी, म्हणजे लसी, इन्सुलिन, इंजेक्शनांतली बरीचशी. परिशिष्ट एक्समधल्या मोजक्या, गैरवापराचा धोका असलेल्या औषधांसाठी फॉर्म 20-एफ वेगळा असतो, त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात दोन वर्षं जपावी लागते. तो मी घेतला नाही. आमच्या भागात त्याची मागणी नाही.

एवढं सगळं जमवलं आणि अडलं भलत्याच ठिकाणी. ऑनलाइन अर्जात माझा नोंदणी क्रमांक टाकला तर तो आधीच्या दुकानाच्या परवान्याला जोडलेलाच दिसला. तिथला राजीनामा मी कधीच दिला होता. मालकांनी तो घेतलाही, पण कार्यालयाला कळवलं नाही, कारण माझं नाव निघालं की त्यांचं दुकान कागदावर फार्मासिस्टविना होणार होतं. म्हणजे मी कोरेगावात गाळ्याला रंग देत होते आणि साताऱ्यातल्या एका दुकानात माझ्या नावावर औषधं विकली जात होती. ज्याला नकार देऊन मी सुरुवात केली, तेच माझ्या नावानं चाललेलं होतं. मला त्याचा फार संताप आला. राजीनाम्याची प्रत जोडून जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांच्या (औषधे) नावे स्वतःच पत्र दिलं, आवक शिक्का मारून पोच घेतली, तेव्हा कुठं नाव मोकळं झालं. म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: नोकरी सोडताना राजीनामा लेखी द्या, त्याची प्रत कार्यालयात तुम्हीच द्या आणि पोच जपून ठेवा. मालक कितीही चांगले असले तरी.

औषध निरीक्षक पाहणीला आले. टेप लावून जागा मोजली. नकाशाशी ताडून पाहिली. मागं घराकडं उघडणारं दार आहे का, ते बघितलं. फ्रीज चालू होता, आत थर्मामीटर होता, त्याचा आकडा वाचला. मग त्यांनी विचारलं, "मुदत संपलेला माल कुठं ठेवणार?" मी खालच्या कप्प्यातली झाकणाची पेटी दाखवली, वर लाल अक्षरांत 'मुदतबाह्य, विक्रीसाठी नाही' लिहिलेलं. "आणि जनावरांची औषधं?" त्यांचा कप्पा वेगळा केलेला होता. जनावरांच्या औषधावर तसा ठळक मजकूर असावाच लागतो आणि ती माणसांच्या औषधांत मिसळून चालत नाहीत. आमच्याकडं दूधधंदा घरोघरी, त्यामुळे हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही. रात्री घाईत एकाच रॅकमधून काढायची वेळ आली तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. पाहणी संपताना ते म्हणाले, "मॅडम, जागा ठीक आहे. तुम्ही स्वतः थांबणार ना?" मी हो म्हणाले. त्यांनी तो प्रश्न सवयीनं विचारला असेल, मला मात्र तोच पूर्ण पाहणीतला मुख्य प्रश्न वाटला.

परवाने आले, चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावले, शेजारी माझं नोंदणी प्रमाणपत्र. पाटीवर 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' लिहिलं, कारण मी औषधं स्वतः मिसळून तयार करत नाही आणि 'फार्मसी' हा शब्द नियमांत तसं काम करणाऱ्यांसाठी राखलेला आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स 2015 प्रमाणे पांढरा कोट आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला. सुरुवातीला शेजारच्या मावशी मला डॉक्टरीण म्हणून हाक मारायच्या. मी बिल्ला दाखवून समजावत राहिले.

परवाना येईपर्यंत एक गोळीसुद्धा विकत घेता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. स्टॉकिस्ट आधी परवान्याची प्रत मागतो, मग माल देतो. बिलावर माझा परवाना क्रमांक, त्याचा परवाना क्रमांक, प्रत्येक औषधाची बॅच आणि मुदत. पहिल्याच आठवड्यात एकजण बॅग घेऊन आला, "बिलाशिवाय घ्या, वीस टक्के आणखी सुटेल." त्याला दारातूनच परत लावलं. किरकोळ विक्रेत्याचा नफा किती, हे लोकांना वाटतं त्याहून कमी असतं. औषध किंमत नियंत्रण आदेश 2013 प्रमाणे सरकारनं किंमत बांधून दिलेल्या यादीतल्या औषधांवर 16 टक्के, बाकीच्यांवर प्रथेप्रमाणे 20. त्यातून भाडं, वीज, एसी, मुदत संपलेल्या मालाचं नुकसान. बिनबिलाचा माल म्हणूनच मोह घालतो. पण ती गोळी कुठं बनली, कुठल्या उन्हात पडून होती, खरी आहे का खडू, हे मला सांगता येणार नसेल तर मी ती म्हाताऱ्या माणसाच्या हातावर कशी ठेवू?

आता काउंटरबद्दल. इथं जरा थांबून लिहिते, कारण खरं काम इथंच आहे.

सगळ्यात जास्त वाद होतो तो अँटिबायोटिकवरून. 2013 मध्ये परिशिष्ट एच-1 काढलं आणि 1 मार्च 2014 पासून ते लागू झालं. त्यात 46 औषधं होती: सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखी अँटिबायोटिक, क्षयरोगाची औषधं, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, झोपेच्या काही गोळ्या. पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते. ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची. ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. साध्या परिशिष्ट एचमधली औषधंही चिठ्ठीवरचीच, फक्त त्यांना हे वेगळं रजिस्टर नाही.

नियम सोपा आहे. काउंटरपलीकडचा माणूस सोपा नाही. ऊसतोडीच्या हंगामात एक बाई आली, कडेवर तापानं फणफणलेलं पोर, हातात रिकामं पाकीट. "मागच्या वेळी ह्यानंच उतरला व्हता, तेवढं द्या." पाकीट सेफिक्झिमचं. तिला दवाखान्यात जायचं तर फडावरचा खाडा पडणार. मी नाही म्हटलं तर ती पुढच्या दुकानात जाईल, हे मला कळत होतं. पोराला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती द्यायचं ते सांगितलं, ड्रॉप की सिरप हे बघून मोजायचं टोपण दिलं, ओल्या फडक्यानं अंग कसं पुसायचं ते सांगितलं. आणि ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी अजून उघडी आहे, 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यात तपासणीचे पैसे घेत नाहीत, हेही सांगितलं. हे तिला माहीत नव्हतं. ती गेली. संध्याकाळी चिठ्ठी घेऊन परत आली, तिच्यावर अँटिबायोटिक नव्हतंच. प्रत्येक वेळी असं होत नाही. कितीतरी माणसं शिव्या घालून निघून जातात, "कालचं दुकान, लय शहाणपणा," म्हणतात. विक्री बुडते. तरी मी देत नाही. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकनं जंतू दाद देईनासे होतात आणि मग तीच बाई, तेच पोर साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात सलाईनवर पडतं. ते बिल माझ्या नफ्याच्या कितीतरी पट असतं.

दुसरा वाद कंपनीवरून. "हे नसेल तर दुसऱ्या कंपनीचं द्या, औषध तेच ना?" परिशिष्ट एच, एच-1 आणि एक्समधलं औषध चिठ्ठीवर ज्या नावानं लिहिलंय त्याच नावाचं द्यायचं, आतला घटक तोच असला तरी परस्पर बदलायचं नाही, असा नियम आहे. म्हणून मी डॉक्टरांना फोन लावते, विचारते, ते म्हणतील तसं करते आणि चिठ्ठीवर तशी नोंद करते. माझं मत विचाराल तर डॉक्टरांनी घटकाच्या नावानं लिहिलं तर गरिबाचे बरेच पैसे वाचतील. महिन्याला बीपी-शुगरच्या गोळ्यांना पैसे पुरत नाहीत असं दिसलं की मी स्वतः सांगते, जनऔषधी केंद्रात चौकशी करा आणि डॉक्टरांना घटकाचं नाव लिहून द्यायला सांगा. माझं गिऱ्हाईक कमी होतं, हे खरं आहे. औषध अर्ध्यावर सोडणारं माणूसही कमी होतं.

एकाच घटकाची दोन नावं ही तर रोजची गोष्ट. एका आजींच्या पिशवीत साताऱ्याच्या डॉक्टरांनी दिलेली टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी होती आणि गावातल्या डॉक्टरांनी दिलेलीही टेल्मिसार्टनच, नाव वेगळं, रंग वेगळा. त्या दोन्ही घेत होत्या आणि उठताना चक्कर येते म्हणत होत्या. मी दोन्ही पाकिटांवरचं बारीक अक्षर त्यांच्या नातवाला वाचायला लावलं, मग दोन्ही डॉक्टरांशी फोनवर बोलले. एक बंद झाली. हे काम बिलावर कुठं दिसत नाही आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. पण फार्मासिस्टनं चिठ्ठी तपासायची, औषध कसं घ्यायचं ते समजावायचं, ही 2015 च्या रेग्युलेशन्समधली लेखी जबाबदारी आहे.

सगळ्यात जास्त भीती मला मेथोट्रेक्झेटची वाटते. सांधेवातावर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी कमी होतात, तोंडात फोड येतात, जीवही जाऊ शकतो. चिठ्ठीवर 'आठवड्यातून 1' लिहिलेलं असतं, पण बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात आणि सगळ्या एकाच डब्यात जातात. म्हणून मी रुग्णाला वार निवडायला लावते. "कुठला वार तुमच्या लक्षात राहतो?" कुणी सोमवार म्हणतं, महादेवाचा. कुणी गुरुवार. मग ती गोळी वेगळ्या पाकिटात घालून वर मोठ्या अक्षरांत लिहिते: 'फक्त सोमवारी. रोज नाही.' सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कोणत्या दिवशी ते चिठ्ठीप्रमाणे खाली लिहिते, आणि त्यांच्याकडून सगळं परत म्हणवून घेते. मागं माणसं खोळंबतात, खोळंबू देत.

सुट्या गोळ्यांचं असंच. दहाच्या पाकिटातून चार हव्या असतात, परवडत नाही म्हणून, आणि त्या द्याव्यात असंच माझं मत आहे. मात्र पाकीट कापताना ज्या टोकाला बॅच आणि मुदत छापलेली असते ते टोक दुकानात राहील अशा बेतानं कापायचं, आणि गिऱ्हाइकाच्या चार गोळ्या कागदी पाकिटात घालून त्यावर औषधाचं नाव, संख्या आणि दुकानाचं नाव-पत्ता लिहायचा. नियमात एवढं आहे. मी त्यावर मुदतही लिहिते. घरात महिनाभरानं सापडलेली बिननावाची पांढरी गोळी कशाची, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहायला हवं. माझ्या फ्रीजचं तापमान सकाळी दुकान उघडताना आणि रात्री बंद करताना वहीत लिहिलं जातं. इन्सुलिन मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटून तर मुळीच नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच असतं. दिसायला तसंच दिसतं, टोचल्यावर साखर उतरत नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. गिऱ्हाइकाला देताना थंड जेलच्या पाकिटासोबत देते, दोन्हींच्या मध्ये पुठ्ठा घालून, आणि सांगते की दुचाकीच्या डिकीत ठेवून आधी बाजार करत बसू नका, थेट घरी जा.

पहिल्या वर्षात निरीक्षक नमुना घ्यायला आले. शेजारपाजाऱ्यांना वाटलं धाड पडली. तसं काही नव्हतं. एका अ‍ॅसिडिटीच्या गोळीचा नमुना घेतला, त्याची किंमत मला दिली, फॉर्म 17 हातात दिला, चार भाग करून माझ्यासमोर सील केले, एक भाग माझ्याकडं ठेवला, एक सरकारी विश्लेषकाकडं गेला. त्या औषधाचं खरेदी बिल मागितलं, ते फाईलमध्ये होतं. उद्या तो नमुना नापास ठरला असता तर मला वाचवणाऱ्या गोष्टी दोनच: माल परवानाधारकाकडून बिलावर घेतल्याचा पुरावा, आणि तो आला तसा नीट ठेवल्याचा पुरावा. कायद्यानं विक्रेत्याला हे संरक्षण दिलंय. बॅगवाल्याकडून घेणाऱ्याला ते मिळत नाही.

याचा अर्थ मला पुरता कळला ऑक्टोबर 2025 मध्ये. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमधल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनानं लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. बातमी आली, पाठोपाठ महाराष्ट्रातही त्या बॅचची विक्री थांबवण्याची सूचना आली. दुकानात आया बाटल्या घेऊन येऊ लागल्या, कुठल्याही कंपनीच्या, कधीच्याही. एकीचा हात इतका थरथरत होता की बाटली मीच धरली. मी भावाला, तो बिलाचं काम बघतो, बॅच क्रमांक शोधायला सांगितला. खरेदीत ती बॅच नव्हती, ते सिरपच आमच्याकडं कधी आलं नव्हतं. हे मी ठामपणे सांगू शकले, कारण प्रत्येक बाटली बिलावर आलेली होती. त्या दिवसांत प्रत्येक आईला आणखी एक गोष्ट सांगितली: सर्दीच्या औषधांतलं क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना छापण्याचा आदेश 2023 च्या डिसेंबरमध्येच निघालेला आहे, तेव्हा बाटलीवरची ओळ वाचा. बऱ्याच जणींनी ती ओळ तिथंच उभ्यानं वाचली.

परवान्याला आता दरवेळी नव्यानं अर्ज करावा लागत नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर दर पाच वर्षांनी धारणा शुल्क भरलं की तो चालू राहतो. उशीर झाला तर दरमहा दोन टक्के जादा, आणि तीही मुभा सहा महिनेच. माझी पाच वर्षं 2027 मध्ये भरतात, तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहिली आहे.

राहिला प्रश्न माझ्या गैरहजेरीचा. एका माणसाला सकाळी नऊ ते रात्री दहा उभं राहणं शक्य नाही. सुरुवातीपासून मी दुपारी दोन ते चार दुकान बंद ठेवायचे. पाटी लावलेली: 'फार्मासिस्ट हजर नाहीत, औषधविक्री बंद.' भाऊ आत हिशेब करत बसलेला असायचा, लोक काचेवर टकटक करायचे, "अरे आहेस ना, दे की दोन गोळ्या." तो द्यायचा नाही. त्यावरून नातेवाईकसुद्धा रुसले. दोन तासांत अडलेलं माणूस दुसऱ्या दुकानात जातं, तिथं फार्मासिस्ट असेल की नसेल, हा विचार मला टोचायचा. म्हणून दुसरी फार्मासिस्ट शोधायला लागले. फोन बरेच आले, त्यातल्या काहींनी पहिल्याच वाक्यात विचारलं, "मॅडम, रोज यावं लागेल का?" शेवटी रहिमतपूरची एक मुलगी मिळाली, नुकतीच नोंदणी झालेली. रोज येणार, पगार घेणार, काउंटरवर उभी राहणार. तिचं नाव परवान्यात जोडून घेतलं, तिच्या नावाचा बिल्ला करून घेतला. आता दोन ते चार दुकान उघडं असतं, आणि ती पाटी काढली आहे.